चौदा सुयांचा हिशेब

समुद्रपूरला आमच्या घरामागे एक कडुनिंब होता. १९७२ च्या उन्हाळ्यात त्याच्या सावलीत आमचा सालदार दोन महिने बाजेवर पडून होता. वडील शिक्षक, घरची थोडी शेती हाच सालदार पाहत असे. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला तेव्हा वडिलांनी तातडीने त्याला शहरातील दवाखान्यात नेले. रोज एक याप्रमाणे पोटात चौदा सुया घ्यायच्या होत्या. बारावी सुई झाली आणि त्याला ताप भरला. दोन दिवसांत पाय लुळे पडले, लघवी अडली. कुत्र्याने सोडले, पण सुयांनी धरले, असे सारा मोहल्ला म्हणू लागला. पुढे तो काठी टेकत चालू लागला. नांगर मात्र त्याने पुन्हा धरला नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावला. त्याचा बाप आमच्या ओसरीवर येऊन बसला. वडील परगावी गेले होते. तो मला म्हणाला, "बाबू, तू शिकेल हायेस. पोराले सुया देऊ का नोको?" मी तेव्हा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. ज्ञानापेक्षा आत्मविश्वास अधिक. मी म्हणालो, "काका, आमच्या सालदाराचे पाय तुम्ही पाहिलेच आहेत. जखम तर लहान दिसते. थोडे थांबा."

ते थांबले. दीड महिन्यानंतर त्या मुलाने पाणी मागितले आणि पेला ओठांजवळ येताच त्याचा गळा आवळला गेला. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या बापाने मला कधीही एका शब्दाने दोष दिला नाही. ते ओझे मी आजवर वाहतो आहे.

पुढे विज्ञान शिकवू लागलो तेव्हा या दोन्ही घटनांच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. सालदाराला दिलेली लस डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे तयार केली होती. त्यांचा अहवाल १९११ चा. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, फेनॉलने तो निष्क्रिय करायचा आणि त्या मेंदूचाच द्राव टोचायचा, अशी ती पद्धत. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होत असे. तिने असंख्य जीव वाचवले. पण द्रावाबरोबर मेंढीच्या मज्जातंतूंवरील आवरणही शरीरात जाई. ते आपल्या आवरणासारखेच असते. त्यामुळे क्वचित एखाद्याच्या शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे.

मोहल्ल्याची शंका खरी होती तर! मात्र ती खरी ठरली अभ्यासाने. १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना मेंदूचा द्राव वारंवार टोचला. त्यात विषाणू नव्हता. तरीही काही माकडांच्या मेंदूला दाह झाला. १९८७ साली बँकॉकच्या संशोधकांनी लशीनंतर आजारलेल्या रुग्णांच्या रक्तात त्या आवरणातील प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली. दरम्यान मेंदूचा अंश नसलेल्या, पेशींवर वाढवलेल्या लशी निघाल्या. २००४ च्या अखेरीस भारतात मेंढीच्या मेंदूच्या लशीचे उत्पादन थांबले. आता सुया दंडावर घेतात आणि त्याही मोजक्याच.

माझी चूक शंका घेण्यात नव्हती. अर्धाच हिशेब मांडण्यात होती. सालदाराचे लुळे पाय मी मोजले. लस न घेतल्यास काय होईल, ते मोजलेच नाही. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्या सदोष लशीचा धोकाही या निश्चित मृत्यूपुढे फार लहान होता.

गेल्या वर्षी नातीला गोवराची लस द्यायची होती. सून दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, याने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणतात. खरं का?" मी तिला हसलो नाही. हसण्याचा अधिकार मला नाही. तिला कडुनिंबाखालची बाज सांगितली आणि शेजारच्या ओट्यावरचा पाण्याचा पेलाही. मग म्हणालो, लशीनंतर आजार आला म्हणजे लशीमुळेच आला असे नव्हे. लस घेतलेली आणि न घेतलेली मुले शेजारी ठेवून मोजावी लागतात. अमेरिकेत १९७६ च्या स्वाइन फ्लूच्या लशीनंतर अशाच मोजणीत सुमारे एक लाख माणसांमागे एकाला अधिक गीयाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाल्याचे आढळले, आणि ते लपवले गेले नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने स्वमग्नता येते, ही भीती १९९८ च्या ज्या लेखाने पसरवली त्यात केवळ बारा मुले होती. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढल्याचे दिसले नाही. उलट गोवर झालेल्या सुमारे हजार मुलांमागे एकाच्या मेंदूला दाह होतो.

सून क्षणभर गप्प राहिली. मग तिने नातीला टोपडे घातले आणि आम्ही तिघे लसीकरणाला निघालो.

वाटेत मला तो बाप आठवत होता. त्याचा प्रश्न योग्यच होता. उत्तर देणाऱ्याने पूर्ण हिशेब मांडायला हवा होता.