मण्यार की कवड्या?



आषाढात हरसूलला जाऊबाईंच्या शेतावर गेले होते. भाताची लावणी चालू होती. सकाळी ओट्याजवळची गोणी उचलली, तर खाली सापाचं पिल्लू! वीतभर लांब, काळपट, अंगावर पांढरे पट्टे. कामाला येणाऱ्या मावशींनी लगेच काठी घेतली. "मण्यार आहे ताई, सरा बाजूला."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, "अहो, हा कवड्या आहे, बिनविषारी." जीव वाचावा म्हणून. पण मला तरी कुठे ठाऊक होतं? मावशींचा चार वर्षांचा नातू अनवाणी तिथेच उभा होता. मी 'बिनविषारी' म्हटलं असतं आणि त्याने हात घातला असता तर?

म्हटलं, "मावशी, मला ओळखता येत नाही. पण मारू नका, आपण लांब होऊ." मुलाला आत नेलं, दार लावलं. जाऊबाई दुरून नजर ठेवून राहिल्या. मी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. तासाभराने सर्पमित्र आले.

त्यांनी पिल्लू पारदर्शक बरणीत घेतलं आणि समजावलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मोठ्या मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. पण मण्यारीच्या पिल्लाला पुढच्या भागावरही पांढरे ठिपके-पट्टे असतात, म्हणून फसगत होते. खरी खूण पाठीच्या मधोमध: मण्यारीला तिथे षटकोनी, इतरांपेक्षा मोठ्या खवल्यांची ओळ असते. ती बघायला जवळ जावं लागतं, आणि तेच आपण करायचं नाही.

ती मण्यारच होती. मावशी बरोबर होत्या.

पिल्लालाही जन्मापासून विष असतं. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून जमिनीवर झोपलेल्याला कळतही नाही. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. दंशाची शंका आली तर करकचून बांधू नका, कापू नका. हातपाय हलू न देता १०८ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.

पार्श्वकुमारांनी कमठाच्या धुनीतलं जळतं लाकूड बाहेर काढायला लावलं, तेव्हा आतला नाग विषारी आहे का, हे विचारलं नव्हतं. जीव आहे एवढंच पुरे होतं. मी मात्र त्याला वाचवायला आधी निरुपद्रवी ठरवू पाहत होते. अहिंसेसाठी असत्याचा टेकू घेत होते. विषारी असूनही तो जगू शकतो, आपण फक्त अंतर राखायचं, हे त्या दिवशी कळलं.

पिल्लू रानात सोडलं गेलं. आता गोणी उचलण्याआधी मी ती लांब काठीने हलवून बघते. हीसुद्धा जयणाच, त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही.