शंभरात बसवलेली माणसे

सीमाप्रश्नात टक्केवारी हे आमचे जुने शस्त्र आहे आणि प्रतिपक्षाचेही. 1956 च्या केंद्रीय निवेदनपत्रात भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे नमूद झाली, तीही टक्क्यांतच मोजलेली आहेत. एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिका क्षेत्रात 15 ते 20 टक्के लोक एक भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे ते निवेदनपत्र सांगते. म्हणजे कागदावरचा एक टक्का घसरला की मराठी फलक उतरण्याचे निमित्त तयार होते. म्हणून हा टक्का कसा वागतो, हे आम्हां सर्वांना कळलेच पाहिजे.

त्याचा स्वभाव विचित्र आहे. सर्व भाषांचे टक्के मिळून नेहमी शंभरच भरतात. त्यामुळे एक वाढला की दुसऱ्या कोणाला तरी घटावेच लागते. एक कल्पित गाव घेऊ. पहिल्या गणनेत मराठी 600, कन्नड 300 आणि इतर भाषिक 100 होते. पुढल्या गणनेपर्यंत गावाजवळ कारखाना निघाला, बाहेरून कामगार आले आणि इतर भाषिक 300 झाले. मराठी व कन्नड घरांत मात्र काहीच फरक पडला नाही. आता टक्के पाहा : मराठी 60 वरून 50, कन्नड 30 वरून 25, इतर 10 वरून 25. गावातून एकही मराठी माणूस गेला नाही, तरी ‘मराठी दहा टक्क्यांनी घटली’ असा मथळा सहज छापता येईल. शिवाय आलेखात मराठी आणि कन्नड हातात हात घालून उतरताना दिसतील, जणू दोघींना एकच रोग झाला आहे.

समान भाजक असलेल्या गुणोत्तरांत असा खोटा सहसंबंध उपजतो, हे कार्ल पिअरसनने 1897 मध्येच दाखवले होते. त्यावर पद्धतशीर उपाय मांडला तो जॉन एचिसनने. 1986 साली त्याचे याच विषयावरचे पुस्तक आले. त्याचे सूत्र साधे आहे : शंभरातला वाटा पाहू नका, भागांची परस्पर गुणोत्तरे पाहा आणि त्यांचे लॉगरिदम घेऊन मग संख्याशास्त्र चालवा. वरच्या गावात मराठी-कन्नड गुणोत्तर आधी दोनास एक होते, नंतरही दोनास एकच राहिले. तिसऱ्या कोणाच्या येण्याजाण्याने ते हलत नाही. लॉगरिदमचा लाभ असा की मराठीकडून मोजा वा कन्नडकडून, बदलाचे मोल तेवढेच राहते, फक्त चिन्ह उलटते. (एखादी भाषा गावात शून्य असेल, तर मात्र हे गणित अडते आणि छोटे गट एकत्र करावे लागतात.)

आम्हा सीमावासीयांना ही कल्पना परकी वाटू नये. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आमच्या मागणीची चतुःसूत्री आहे. त्यातली ‘सापेक्ष बहुसंख्या’ म्हणजे दुसरे काय? मराठी निम्म्याहून कमी असली तरी कन्नडहून अधिक आहे का, हाच तो प्रश्न, आणि त्याचे उत्तर गुणोत्तरातच आहे.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. तीच पन्नास गावे चार जनगणनांत मोजली, तर दोनशे आकडे हाती येतात. पण ते दोनशे स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकच साक्षीदार चार तारखांना उभा राहिला म्हणून चार साक्षीदार होत नाहीत. पुरावा मोजायचा नसतो, तोलायचा असतो, हे वकिलाला वेगळे सांगायला नको; संख्याशास्त्रज्ञही तेच म्हणतो. प्रत्येक गावाची तुलना आधी त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या गुणोत्तराशी करावी आणि गावागावांतला मूळचा फरक हिशेबात वेगळा ठेवावा. सगळी गावे एका घमेल्यात ओतून जिल्ह्याची सरासरी काढणाऱ्यांना, ते कोणत्याही बाजूचे असोत, आमचा हा प्रश्न आहे : कोणत्या गावात काय बदलले ते सांगाल का?

त्यासाठी मोजणीचे साचे तरी स्थिर हवेत. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात कोंकणी मराठीची बोली म्हणून नोंदली गेली. 1992 मध्ये ती आठव्या परिशिष्टात स्वतंत्र भाषा म्हणून आली. असे वर्ग बदलले, किंवा शहराच्या हद्दीत शेजारची खेडी सामावली गेली, तर दोन गणनांतली ‘घट’ माणसांची नसून रकान्यांची असू शकते. आमच्या गोव्यातल्या वाचकांना हे अधिक जाणवेल.

आता पुढची जनगणना 2027 ची आहे. तिचे भाषावार तक्ते निघतील, तेव्हा आपापल्या भागाचे टक्के उतरवून घेण्याआधी प्रत्यक्ष संख्या उतरवून घ्याव्यात. मराठी किती, कन्नड किती, उर्दू किती, इतर किती. 2011 ची तीच पाने शेजारी ठेवावीत आणि त्या भागाची हद्द तीच आहे की बदलली, याची नोंद समासात करावी.