टाकसाळीतली चूक, हातोडीची चूक

नाण्यांच्या प्रदर्शनात लोक माझ्यासमोर डब्या उघडतात आणि विचारतात, "ही एरर आहे ना?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: ही चूक यंत्राच्या कुठल्या टप्प्यावर झाली असेल? त्याला उत्तर सापडत नसेल, तर बहुतेक वेळा ती टाकसाळीबाहेर झालेली असते.

नाणं घडायला कोरी चकती लागते, वरखालचे दोन ठसे लागतात आणि चकतीला भोवतीने आवळणारं कडं लागतं. कडं जागेवर नसेल तर धातू बाहेर पसरतो, नाणं रुंद होतं आणि कडेवर दाते उमटत नाहीत. ठशाला तडा गेला तर धातू त्या भेगेत शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ येते. रेघ खोल असेल तर तो नुसता ओरखडा. भिंग घेतल्यावर मी पहिल्यांदा एवढंच बघतो.

आता 'कट' घ्या. चकत्या धातूच्या लांब पट्टीतून पाडतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर पडते. मोठ्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना एखादी अर्धवट निघते, तसंच. पुढे कड उचलण्यासाठी चकती दोन्ही बाजूंनी दाबत फिरवली जाते. कापलेल्या जागी टेकू मिळत नाही, त्यामुळे बरोबर समोरच्या जागीही दाब बसत नाही आणि तिथली कड फिकी, कधी सपाटच राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक कटवर सारखा ठळक नसतो, पण दिसला की माझी शंका बरीच कमी होते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते, आणि अक्षरं कापाजवळ विरळ न होता मध्येच तुटतात.

मला सर्वांत प्रिय आहे ती लाखी. छापलेलं नाणं कधीकधी एका ठशालाच चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला मोकळा ठसा नेहमीसारखा उठतो, आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा उघडा चेहरा रुततो. हा चेहराही त्याच मोकळ्या ठशाने घडवलेला. म्हणून खऱ्या लाखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं: एकीकडे उठावाचं, दुसरीकडे खोलगट आणि उलटं. एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला उलटा आकडा रुतलेला दिसला, तर मी तिथेच थांबतो. दोन नाणी शेगड्यात आवळून किंवा हातोडीने ठोकूनही उलटी खूण उमटते. पण तिच्याखाली मूळ छाप चेपलेल्या अवस्थेत शिल्लक राहते. खऱ्या लाखीत ती नसते, कारण त्या बाजूला ठसा कधी पोहोचलेलाच नसतो. चिकटलेलं नाणं पुढच्या प्रत्येक दाबाने पसरत जातं, त्यामुळे पहिली लाखी रेखीव येते आणि नंतरच्या फाकत जातात. वजन मात्र पूर्ण भरायला हवं.

ठसा फिरल्याची चूक घरीही तपासता येते. आपलं नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागची बाजूही सरळच दिसायला हवी.

पंचम जॉर्जच्या 1911च्या रुपयाला मात्र मी या यादीत घेत नाही. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि 1912मध्ये चित्र सुधारलं गेलं. नाणं मोलाचं आहेच, पण ती चूक चित्रकाराची. यंत्राने दिलं तसं छापलं.

शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याच्या बाबतीत तर मी हट्टीच आहे. ती हाताने, घणाखाली घडली. ठसा एकीकडे सरकलेला, 'श्री राजा शिव'मधलं अर्धं अक्षर तुकड्याबाहेर गेलेलं, हे तिथे नेहमीचंच. तिच्यावर 'एरर'ची चिठ्ठी लावून किंमत चढवणं मला खटकतं. त्याऐवजी 'शिव' कुठे 'सिव' झालंय, अक्षराचं वळण कुठे बदललंय, हे टिपावं. शिवराईचे प्रकार त्यावरूनही लावले जातात.