योग्य मार्गाने

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या मनुष्याला एक गोष्ट चांगली उमगलेली असते. कोणताही कागद एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर सरळ जात नाही. तो योग्य मार्गाने जातो. म्हणजे तो आधी वर चढतो, तेथे काही दिवस विसावतो, त्याच्यावर कोणाची तरी आद्याक्षरे उमटतात, आणि मग खाली उतरून तो त्याच इसमाच्या हाती पडतो, ज्याला तो पहिल्याच दिवशी नुसता हात लांब करून देता आला असता. आम्ही दिल्लीतील एका मंत्रालयात वरिष्ठ लिपिक आहोत (अलीकडे आमच्या पदाचे नाव बदलले आहे, काम तेच आहे), आणि या विद्येत आमची बरीच गती आहे. परंतु ती विद्या घरच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून आणि गुडघ्यांवर बसून उपयोगात आणावी लागेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

झाले असे की, गेल्या दिवाळीला आम्ही ४३ इंची दूरचित्रवाणी संच घेतला. रामकृष्णपुरमच्या सरकारी घरातील आमची खोली लहान, आणि जुना पेटीसारखा संच तिचा एक कोपराच खाऊन बसला होता. नवा संच भिंतीला चित्रासारखा टांगला गेला. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. नटीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. आमची नऊ वर्षांची कन्या हर्षाने नाचली. सौ.ने पडद्यासाठी त्याच संध्याकाळी मऊ फडके शिवले. आई मात्र थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चित्र छान आहे रे, पण माणसं पुटपुटतात."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पूर्वीच्या पेटीच्या पोटात जागा होती, आणि स्पीकर प्रेक्षकाकडे तोंड करून बसलेला असे. नवा संच दोन बोटे जाड. त्याचे इवलेसे स्पीकर खालच्या कडेला दडवलेले, तोंड जमिनीकडे. आवाज आधी खाली पडतो, मग भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. येता येता त्याची धार बोथट होते. हे सारे आम्हांस समजावून सांगितले ते आमच्या विभागातील एका अधिकाऱ्यांनी. त्यांची चेन्नईस बदली झाली होती, आणि ते आपला अँप्लिफायर व सहा स्पीकर काढून टाकण्याच्या विचारात होते. "संवाद ऐकू येत नाहीत ना? मग मधला स्पीकर हवा," ते म्हणाले. "समोरचे दोन, मागचे दोन आणि खर्जाचा एक, हे सगळे थाटासाठी. माणसाचे बोलणे येते ते मधल्यातून." आईसाठी घेतो आहोत असे म्हणताच त्यांनी किंमत इतकी कमी सांगितली, की घासाघीस करण्याची आम्हांसच लाज वाटली.

आईविषयी येथे चार शब्द लिहिले पाहिजेत. वडिलांचे वाईस किराणा मालाचे लहानसे दुकान होते. २०१९ च्या पावसाळ्यात ते गेले आणि आई दिल्लीस आली. पुढच्याच वर्षी साथ आली. घरोघर माणसे दाराआड गेली आणि बाहेर पडली ती तोंडाला मुखपट्ट्या बांधून. त्या दिवसांत आई जी गप्प झाली, ती पुढेही गप्पच राहिली. आम्ही म्हणत असू, वडिलांचे दुःख आहे. शेजारपाजार हिंदी बोलणारा, तिला करमत नसेल. फोन आला की ती तो न बोलता सुनेच्या हाती देई. तिचा एकच विरंगुळा म्हणजे रात्रीची मराठी मालिका. पण त्याच वेळी कन्येचा अभ्यास चालू असे, म्हणून कार्यक्रम साठवून ठेवणारा सेट टॉप बॉक्स आम्ही घेतला होता. आई दुसऱ्या दिवशी दुपारी एकटी बसून आदल्या रात्रीचा भाग पाही. रिमोटवरची मागे नेण्याची कळ तिने इतकी आत्मसात केली होती, की वीस मिनिटांचा भाग तिला पाऊण तास पुरे. आम्ही तिच्या त्या आवडीची थट्टाही करीत असू.

तर एका शनिवारी आम्ही तीन यंत्रे, सहा स्पीकर आणि एक पिशवीभर तारा घेऊन बसलो. प्रथम आमच्या मनात आले, कार्यक्रम बॉक्समध्ये आहे आणि पाहायचा आहे पडद्यावर; तेव्हा बॉक्सची तार पडद्याला, आणि पडद्याची अँप्लिफायरला. अधिकारी महाशयांनी मात्र चिठ्ठीवर लिहून दिले होते की, बॉक्समधून निघालेली तार अँप्लिफायरमार्गे पडद्याकडे जावी. येथे आमच्यातील लिपिक जागा झाला. आवाज अँप्लिफायरने आपल्यापाशी ठेवून घ्यायचा आणि चित्र पुढे सादर करायचे! ही तार एचडीएमआय नावाची; २००२ साली तिचा आराखडा निघाला, आणि चित्र व आवाज या दोघांना तिने एकाच वाटेने चालवले. २००९ पासून तिला आणखी एक सोय मिळाली. पडद्याला स्वतःचे काही ऐकवायचे असेल, तर तो त्याच तारेतून आवाज उलट खाली पाठवू शकतो. मात्र त्यासाठी तार एआरसी अशी अक्षरे असलेल्या भोकातच बसवावी लागते. पडद्यामागे अशी तीन भोके शेजारी शेजारी होती, भिंत आणि संच यांत हाताचा पंजा जेमतेम शिरत होता, आणि अक्षरे काळ्यावर काळी कोरलेली. त्या छापणाऱ्यास आमच्या आवक-जावक कक्षात एक आठवडा बसवावे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

तारा बसल्या, कळ दाबली, आणि पडदा काळाच राहिला. अर्धा तास आम्ही घाम गाळला. मग कळले की ही यंत्रे चालू होताच परस्परांची ओळखपत्रे तपासतात. कार्यक्रमाची कोणी चोरून नक्कल करू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त. ओळख पटली नाही तर कोणी बोलत नाही. कार्यालयाच्या फाटकावर पास विसरलेल्या कारकुनासारखी स्थिती. आधी पडदा, मग अँप्लिफायर आणि शेवटी बॉक्स, अशा क्रमाने ती जागी केल्यावर त्यांची ओळख पटली.

स्पीकरांच्या जागा हा निराळाच प्रश्न. शास्त्र असे की, ऐकणारा मध्यभागी बसावा, समोरचे दोन त्याच्या डाव्या-उजव्या हाताला तीस तीस अंशांवर, आणि मागचे दोन त्याच्या कानांच्या किंचित मागे, एकशे दहा अंशांच्या आसपास. आमच्या खोलीत त्या अंशांवर एका बाजूला लोखंडी कपाट आहे व दुसऱ्या बाजूला देवघर. तेव्हा एक स्पीकर कपाटावर चढला आणि दुसरा देवघराच्या फळीवर बाळकृष्णाच्या शेजारी बसला. समोरच्या एकाच्या लाल-काळ्या तारा आम्ही उलट जोडल्या होत्या. त्यामुळे दोन पडदे एकाच वेळी पुढे येण्याऐवजी एक पुढे आणि एक मागे जाऊ लागला, नि सगळा आवाज रिकाम्या रांजणातून आल्यासारखा पोकळ झाला. तो दोष सौ.ने शोधला. ती म्हणाली, "अहो, या एकाचा रंग उलटा दिसतोय," आणि पुन्हा कणीक मळायला गेली.

बॉक्समधून येणारी मालिका मुळात डावा आणि उजवा अशा दोनच वाटांनी येते. अँप्लिफायर त्या दोहोंची तुलना करतो, आणि जे दोन्हीकडे सारखे असेल ते मधल्या स्पीकरकडे वळवतो. पात्रांचे बोलणे बहुधा दोन्हीकडे सारखेच असते, म्हणून ते मधून येते. पार्श्वसंगीत आजूबाजूला पांगते. मधल्याचा आवाज आम्ही आणखी थोडा चढवला. संवाद असे खणखणीत येऊ लागले की, कन्या म्हणाली, "बाबा, लगता है आत्या घरातच बोलतेय." (तिच्या भाषेविषयी आम्ही स्वतंत्रपणे लिहू.)

रविवारी दुपारी आईला समारंभपूर्वक मध्यभागी बसवले. तिने पाच मिनिटे पाहिले, दहा मिनिटे पाहिले. चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी म्हणाली, "पूर्वीचंच बरं होतं."

आम्हांस वाईट वाटले हे लपवण्यात अर्थ नाही. "का? ऐकू येत नाही?"

"येतं. पण ओठ आणि शब्द जुळत नाहीत."

आम्ही पाहिले. आम्हांस काही दिसेना. सौ.ला दिसेना, कन्येला दिसेना. आई म्हणाली, "अरे, घाटावर पलीकडच्या काठाला कोणी धुणं आपटलं की आधी दिसतं आणि मग ऐकू येतं. तुझ्या या यंत्रात उलटं झालंय. शब्द आधी येतो आणि तोंड मागाहून हलतं."

कृष्णेच्या घाटावर चाळीस वर्षे धुणे धुतलेल्या बाईने जे निदान केले, ते अक्षरशः बरोबर होते. अँप्लिफायर आवाज लगेच बाहेर सोडतो. पडदा मात्र आलेल्या चित्राला घासून-पुसून, गुळगुळीत करून मग दाखवतो, आणि त्यात सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा सहज जातो. प्रकाशाच्या मानाने ध्वनी फार मंद, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्यामुळे उशिरा येणारा आवाज मनुष्याचा मेंदू जन्मभर सहन करीत आलेला असतो. आधी येणारा त्याला सृष्टीत कोठेच भेटत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हेच आकड्यांत आहे. आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहीपर्यंत लोकांना कळत नाही, पण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की कळू लागतो.

अँप्लिफायरमध्ये आवाज रोखून धरण्याची सोय होती. आम्ही रिमोट घेऊन बसलो आणि आईला परीक्षक नेमले. साठ केले; तिने मान हलवली. नव्वद, "थोडं अजून." एकशे तीस, "आता मागे राहिलं." एकशे दहावर ती काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. पाच मिनिटांनी तिने पदराने डोळे पुसले. पण मालिकेतला प्रसंगही रडण्याचाच होता, म्हणून आम्ही विजयाने उठलो.

रात्री अंथरुणावर सौ. म्हणाली, "अहो, आपल्या तिघांना जे दिसलं नाही, ते आईंना कसं दिसलं?"

"नजर तीक्ष्ण आहे तिची."

"चष्म्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत त्यांना. त्या ओठांकडे एवढ्या का पाहतात?"

आम्ही उत्तर दिले नाही. सकाळी आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. आम्ही दारातून नेहमीच्या आवाजात म्हटले, "आई, चहा झाला का?" ती भांडे विसळीत राहिली. आम्ही आवाज चढवून पुन्हा विचारले. तिने नळ बंद केला, कप पुसला, फडताळात ठेवला. मग आम्ही पुढे जाऊन तिच्या समोर उभे राहिलो आणि अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत म्हणालो, "आई, चहा झाला का?"

"झाला की," ती म्हणाली. "केव्हाचा झालाय."

त्या दिवशी आम्ही कचेरीत बसलो, पण टिप्पणी एकही लिहिली नाही. समोर येऊन बोल, असे ती नेहमी का म्हणे, ते कळले. फोन सुनेच्या हाती का जाई, ते कळले. पाऊण तास चालणारी मालिकाही कळली. ती आवड नव्हती. पात्राने पाठ फिरवली की वाक्य हरवे, आणि ते शोधण्यासाठी ती मागे जाई. आणि मुखपट्ट्यांचे ते दिवस! सगळ्या जगाने एकदम ओठ झाकून घेतले तेव्हा ती गप्प झाली, आणि आम्ही त्या गप्प बसण्याला शोक असे नाव देऊन प्रकरण निकालात काढले.

"तू सांगितलं का नाहीस?" आम्ही संध्याकाळी विचारले.

"काय सांगायचं? तुझ्या बाबांचंही हळूहळू तसंच झालं होतं. आम्ही दोघं मोठ्यानं बोलायचो. इथं तुम्ही सगळे हळू बोलता."

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे उतरत उतरत खाली गेली होती. वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, ते म्हणाले. स्वर ऐकू येतात, पण स, श, त, फ असली व्यंजने नाहीशी होतात. म्हणून माणसे पुटपुटल्यासारखी वाटतात. आईने पहिल्याच दिवशी वापरलेला तोच शब्द त्यांच्या तोंडून आला, तेव्हा आम्हांस खाली पाहावे लागले.

कर्णयंत्रे आली. पहिल्या दिवशी आई छताकडे पाहून म्हणाली, "हा पंखा नेहमीच एवढा वाजतो?" कुकरची शिट्टी झाली की ती यंत्रे काढून डबीत ठेवते. गर्दीत तिला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि ओठांकडे पाहण्याची सवय गेलेली नाही. मागचे दोन स्पीकर तिने बंद करायला लावले. पाठीशी कोणी उभे आहेसे वाटते म्हणाली. त्यांपैकी एक अजून बाळकृष्णाच्या शेजारीच आहे, कारण ती तार काढायची म्हणजे देवघर हलवावे लागेल. मालिका मात्र आता वीस मिनिटांत संपते.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतून कर्णयंत्रांच्या किमतीचा काही भाग परत मिळतो. तो अर्ज आम्ही योग्य मार्गाने सादर केला आहे, आणि सध्या तो तिसऱ्या मजल्यावर आहे. संध्याकाळी आम्ही दारात बूट काढीत असतो, तेव्हा आई आतून विचारते, "सरकला का रे कागद?" आम्ही बुटाच्या नाडीवरून नजर न काढता "नाही अजून" म्हणतो. "बरं," ती म्हणते, "हातपाय धू, चहा टाकते."