पाठीवरचा हात

पुण्याच्या माणसाला सायकलीचे कौतुक सांगू नये. एके काळी हे शहर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. घरोघरी जिन्याखाली निदान एक तरी सायकल उभी असे. ती दिसेनाशी झाली, ती काही आपल्याला तिचा कंटाळा आला म्हणून नव्हे. शहर वाढले, अंतरे वाढली, आणि माणसांचे गुडघे मात्र होते तेवढेच राहिले!

आमच्या घरीही हेच झाले. आमची ही गणिताची शिक्षिका. घर कोथरूडला आणि शाळा चांदणी चौकाच्या बाजूला. अंतर पाचेक किलोमीटर, पण शेवटचा भाग सगळा चढाचा. वीस वर्षे ही सायकलीवरून शाळेत गेली. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, चांगली आहे, पण चढावर जोर लावू नका." आता रस्त्यातून चढ कसा काढायचा, ते काही त्यांनी सांगितले नाही. स्कूटरची हिला धास्ती, रोजची रिक्षा परवडणारी नाही, आणि बसमधून उतरले तरी उरलेला चढ पायीच चढायचा. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना एका रात्री भांडी आवरता आवरता ही म्हणाली, "राजीनामा द्यावा म्हणते." आवाज अगदी शांत होता, पण त्यानंतर हिने एकच पातेले तीनदा पुसले, ते मी पाहिले.

तेव्हा आमचा धाकटा पुढे सरसावला. "आई, विजेची सायकल घेऊ या!"

विजेची सायकल म्हटले की पुष्कळांना वाटते, नुसते बसायचे आणि ती पळणार. तसे नाही हो. पाय मारायचेच, मोटर फक्त मदत करते. मान्यता मिळालेल्या सायकलीची मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असला, की आपल्याकडे परवाना लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. हे ऐकून हिचा निम्मा विरोध मावळला.

मोटर बसते कुठे? काहींत मागच्या चाकाच्या हबमध्ये, तर काहींत पायडलच्या दांड्याशी. दुसरी मोटर सायकलीचे गिअर वापरते, म्हणून चढावर अधिक तरबेज. पण चेन लवकर झिजवते आणि खिसाही! आमच्या ऐपतीला चाकातली मोटर मानवली. आत तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर असतात आणि त्यांच्याभोवती लोहचुंबकांचे कडे फिरते. जुन्या मोटारींत घासून झिजणारे कार्बनचे ब्रश असत. इथे ते नाहीतच. एक इवलीशी पेटी वीज या वेटोळ्यातून त्या वेटोळ्यात पाळीपाळीने सोडते आणि चुंबक बिचारे तिच्या मागे धावत राहतात. फॅरडेने १८२१ साली पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, त्या खेळाचीच ही पणती म्हणायची.

खरी गंमत पुढेच आहे. मदत केव्हा करायची, हे मोटरला कळते कसे? काही सायकली पायडल फिरते आहे की नाही, एवढेच पाहतात. काही मात्र पाय किती जोर लावताहेत ते मोजतात आणि त्या मानाने मदत करतात. पहिलीचा स्वभाव कचेरीतल्या हजेरीपटासारखा, दुसरीचा आईसारखा! आम्ही दुसरी निवडली. दुकानाबाहेरच्या छोट्या चढावर ही एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "कुणी तरी पाठीवर हात ठेवून अलगद ढकलतंय असं वाटलं." सौदा तिथेच पक्का झाला.

सायकल घरी आली, आणि खरी परीक्षा बॅटरीने घेतली. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. म्हणजे पोटात ३६० वॅट-अवर, एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक वीज. चार्जरमधली गळती धरली तरी अर्ध्या युनिटच्या आत पोट भरते, आणि घरातला साधा पाच अँपिअरचा प्लग पुरतो. दोन अँपिअरच्या चार्जरला पाच-सहा तास लागतात. शेवटचा थोडा भाग तर ती फार सावकाश घेते, पंगतीतल्या शेवटच्या भातासारखा. एका भरण्यात तीसेक किलोमीटर जाता येते. बॅटरी सुटी निघते. अडीच-तीन किलोचा तो डबा दोन मजले वर आणण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

पण दारातच माझी आई उभी! "हे घरात येणार नाही." २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यात आणि देशात इतरत्र विजेच्या स्कूटरींनी पेट घेतल्याच्या बातम्या तिने वाचल्या होत्या. त्यानंतर सरकारने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ पासून कडक केले, हे धाकट्याने सांगितले. आई म्हणाली, "नियम सरकारने केले, पण राखण कोण करणार?" प्रश्न बिनतोड होता. मग तिनेच घरचे नियम घातले. चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच. बाहेरून आल्या आल्या तापलेली बॅटरी लावायची नाही. तासभर निवू द्यायची. पलंग, पडदे आणि बाहेर जायचे दार यांपासून लांब, उघड्या फरशीवर ठेवायची. जोडवायरींचे लटांबर नको. आणि सगळे झोपल्यावर चार्जिंग अजिबात नाही. "दूध चुलीवर ठेवून कुणी झोपायला जातं का?" या एका वाक्यात तिने सगळे पुस्तकच मिटवून टाकले.

बॅटरीलाही अतिरेक सोसत नाही. अगदी रिकामी ठेवू नये, आणि गच्च भरून दिवसेंदिवस तशीच ठेवू नये. मे महिन्याच्या सुट्टीत ती निम्मी भरून, उन्हापासून दूर, गार जागी ठेवावी. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे माणसासारखंच. दोन घास कमी, आणि उन्हात हिंडू नये."

आमचे आटोपले, पण खालच्या मजल्यावरच्या काकांची बॅटरी स्कूटरमध्येच घट्ट बसवलेली. त्यांनी खिडकीतून वायर सोडली, ती मुलांच्या खेळण्याच्या वाटेवरून! सोसायटीच्या सभेत आवाज चढले. एक म्हणे, वीज कुणाची? दुसरा म्हणे, आग लागली तर? ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच सांगितले होते, की आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. पण मंत्रालय काही जिन्याखाली वायर ओढून देत नाही. अखेर ही उभी राहिली. फळ्यावर लिहावे तशा तीन गोष्टी सांगितल्या: ज्याचा मीटर त्याचीच वायर, पंधरा अँपिअरचा पक्का प्लग, आणि वीज झिरपली तर आपोआप बंद होणारा स्विच. खर्च ज्याचा त्याने करायचा. सभा वीस मिनिटांत उठली. त्या रात्री काकूंनी साटोऱ्या पाठवल्या.

राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता आठ महिने झाले. परवा हिने वहीत हिशेब मांडला: वर्षाचे शाळेचे दिवस सुमारे २२०, रोजचे दहा किलोमीटर; म्हणजे चार वर्षांत तीनशेच्या आसपास वेळा बॅटरी पूर्ण भरण्याइतकी वीज. अशी बॅटरी नीट वापरली तर पाचशे वेळा तरी भरता येते. पुढे वयोमानाप्रमाणे तिची ताकद उतरत जाते.

"म्हणजे मी निवृत्त होईन तेव्हा तिच्यात थोडा जीव उरलेला असेल," ही म्हणाली.

"मग काय करणार त्याचं?"

"सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं. परतीपुरती वीज काही उरायची नाही. वाटेत कुणाकडे तरी चहा मागू आणि एक प्लगही मागू. आणि हो, तो डबा तुम्ही उचलायचा!"