आधीच कापलेलं कापड

पहिलं पोतं अंगणात ओतलं, तेव्हा चिंध्यांचा ढीग पडेल अशी माझी समजूत होती. पडल्या त्या चंद्रकोरी. गडद निळ्या, वीतभर लांब, एकीला एक चिकटलेल्या. वरची उचलली तर खाली तशीच, तिच्याखाली पुन्हा तशीच. मोजल्या तर बरोबर ६०. दुसऱ्या गठ्ठ्यात बाटलीहिरव्या, त्याही ६०. मग मी खालीच बसले आणि पोतं गठ्ठ्यागठ्ठ्याने रिकामं करू लागले.

सोलापुरातल्या गणवेशाच्या कारखान्यात मी नऊ वर्षं कॉलर लावल्या. कॉलर लावणाऱ्या बाईच्या हातात कापड येतं ते कापूनच. कटिंगचं टेबल पलीकडच्या खोलीत. तिथे कापडाचे साठ-सत्तर थर अंथरतात, वर आखलेला कागद ठेवतात आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एका दमात कापतात. पाठ, पुढा, बाही, कॉलर यांच्या मधे जी जागा राहते ती वाया गेलेली. पण थर ६० असतील तर वाया गेलेली जागासुद्धा ६० वेळा, केसाचाही फरक न पडता, तशीच्या तशी निघते. मुंढ्याची गोलाई बाहीच्या गोलाईजवळ येते तिथे कोर निघते, गळ्यातून पान निघतं, कॉलरींच्या मधून बारीक त्रिकोण. पोतं भरणारा पोरगा ते सगळं कोंबून भरतो, म्हणून आपण त्याला चिंध्या म्हणतो. नऊ वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे बसून मला हे माहीत नव्हतं.

हे पोतं आणलं होतं फोटोंसाठी. माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो. पितृपक्षात लग्नं नसतात, तेव्हा त्याचा कॅमेरा घरी असतो. ‘‘ताई, तू नुसतं बोलतेस, सहा कपडे शिवून दाखव, मी फोटो काढतो,’’ असं तो ज्येष्ठात म्हणाला. मी कारखाना सोडून घरी शिवायला लागले होते आणि उरल्या कापडाचे कपडे दुकानांना दाखवायचे होते. नियम एकच ठरवला. दोरा आणि सुया सोडून काहीही नवं विकत घ्यायचं नाही.

हा नियम पाळणं दिसतं तितकं सोपं नव्हतं. एका दुकानदारांना कल्पना सांगितली तर त्यांनी मला समजुतीने सल्ला दिला, की नवं कापड घ्या, तुकडे करा, परत जोडा. दिसायला तेच दिसेल आणि माप चुकणार नाही. त्यांचं गणित खोटं नव्हतं. नवं कापड स्वस्त पडतं, कारण त्यात उसवण्याचे, निवडण्याचे, धुण्याचे तास नसतात. पण धडधाकट कापडाचे तुकडे करून ते ‘टाकाऊतून’ म्हणून विकणं मला जमणार नव्हतं, आणि त्या दिवशी मी ते त्यांना सांगूनही आले.

आमच्या गावाला कापड वाया घालवायची सवय नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला आजही सगळे जुनी मिलच म्हणतात. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले, मग चादरी-टॉवेलांच्या जोडीला गणवेश आले. या सगळ्यात चिंधीचा बाजार कायम राहिला. पांढरी सुती चिंधी सगळ्यात महाग, कारण ती तेल पिते. गॅरेजवाले आणि मागवाले ती पुसायला नेतात. रंगीत सुती त्याखालोखाल. टेरीकॉट कोणालाच नको. पॉलिएस्टर सुतासारखं शोषून घेत नाही, आणि सुताशी ते असं कातलेलं असतं की परत वेगळं करणं अवघड. तिकडे पानिपतला परदेशातले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात, त्याच्या स्वस्त कांबळी होतात. टेरीकॉटच्या बारीक कातरणीला असं कोणी वाली नाही. थोडी उशा-गाद्यांत जाते, बाकीची गावाबाहेर जळते. जळताना ती वितळते आणि काळा, चिकट धूर येतो. लहानपणापासून तो वास मला ओळखीचा आहे. म्हणून मी टेरीकॉटच उचललं.

सहा कपड्यांतल्या तीनांबद्दल सांगण्यासारखं आहे.

पहिला चादरीचा कोट. सोलापुरी चादरीला २००५च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातून ते मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंत ती होती. तिची गंमत सगळ्यांना ठाऊक आहे, एका बाजूला लालावर पांढरी वेल, उलटली की पांढऱ्यावर लाल. मला मागावरच डाग पडलेल्या, मधे ताण्याचे दोरे तुटून रेघ गेलेल्या दोन चादरी मिळाल्या. एक काट्यावर ठेवली तर १ किलो २०० ग्रॅम. मी तिच्यावर पाश्चात्त्य कोटाचा कागद ठेवला, टक्स घातले, कातर चालवली आणि तासाभरात रडकुंडीला आले. जाड सूत कापल्या कडेतून भराभर सुटायला लागलं. जिथे दोन शिवणी एकमेकींवर येतात तिथे १८ नंबरची सुईसुद्धा मोडली. एकामागून एक चार सुया मोडल्या. खांदा तर तक्क्यासारखा फुगला.

ती चादर मी घडी घालून ठेवून दिली. वाईट वाटत होतं, कारण नुकसान मीच केलं होतं. एखादा विणकर तुटलेला दोरा जोडत जोडत जे शेवटाला नेतो ते मी तासाभरात बिघडवलं.

उत्तर सापडलं ते आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपीमामांकडे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ते पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. मामांनी जन्मभर बाराबंद्या शिवल्या. त्यांनी चादरीवरून पालथा हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘हिला वळवायला का बघूलालीस? ही अंथरायला विणलीय. सरळ ठेव, बंद लाव.’’ बाराबंदीत कापड जवळजवळ सरळच राहतं, पुढे एकावर एक येतं आणि बंदांनी आवळलं जातं. बटण नाही, काज नाही, आणि जाड कापडाला तर काज नकोच असतं. दुसरी चादर मी मामांसमोर बसून बेतली. कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी टीप मारून घेतली, मग मधून कातर चालवली, त्यामुळे सूत सुटलं नाही. चादरीची विणलेली किनार पुढच्या उघड्या बाजूला घेतली, दशा तशाच खाली ठेवल्या, म्हणजे दुमडायचं कामच राहिलं नाही. दोन्ही बाजू देखण्या असल्यामुळे अस्तर लागलं नाही. बाही मनगटावर उलटली की पांढऱ्यावरची लाल वेल दिसते. तुटलेल्या ताण्याची रेघ मी लपवली नाही, पाठीच्या बरोबर मधे घेतली. बंद केले ते टॉवेलच्या रॅपिअर मागांवर कडेला कापून पडणाऱ्या झालरीच्या पट्ट्यांचे, तीन-तीन पट्ट्यांची वेणी घालून.

दुसरा शर्ट. कारखान्यातून बाद झालेले पांढरे शर्ट होते, कुठे खिसा वाकडा, कुठे बाही उलटी. ते डाळिंबाच्या सालींत रंगवायचं ठरवलं. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाला तोटा नाही, रसवाल्याकडे साली फुकट मिळाल्या. तुरटीच्या पाण्यातून काढलं की पिवळा येतो. मागाचे गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवून त्या पाण्यात बुडवलं की तोच पिवळा काळपट-हिरव्या राखाडीकडे जातो. सुती तुकड्यावर रंग सुरेख चढला होता. शर्ट टेरीकॉटचे. त्यातल्या सुताने रंग घेतला, पॉलिएस्टरने घेतला नाही, आणि शर्ट पावसाळी आभाळासारखे फिकट निघाले. त्याहून वाईट म्हणजे शिवणीचा दोरा पूर्ण पॉलिएस्टर, तो पांढराशुभ्र राहिला. राखाडी शर्टावर प्रत्येक टीप खडूने ओढल्यासारखी दिसायला लागली.

दोन दिवस ते दोरीवर वाळत होते, पावसाळी हवेत वाळतही नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी कॉलरीकडे बघत राहिले. कॉलरीच्या टोकाशी टीप कशी वळते, कफाला दुहेरी कशी जाते, खिशाच्या कोपऱ्यात तो छोटा त्रिकोण कसा येतो, सगळं वाचता येत होतं. नऊ वर्षं मी हीच रेघ मारत होते आणि ती कापडात मिसळून दिसेनाशी व्हावी हेच कौशल्य समजत होते. पुन्हा रंगवायचा बेत सोडून दिला. वाकडे खिसेही तसेच ठेवले.

तिसरा चंद्रकोरींचा घागरा. दारावर पोतराज येतो तेव्हा त्याच्या कमरेला रंगीबेरंगी खणांचं आभरान असतं. तो गिरकी घेतो तसे सगळे खण फुलतात. ते देवीचं लेणं, त्याची नक्कल मला करायची नव्हती. पण लहान तुकडे जोडून मोठं कापड करण्यापेक्षा त्यांना एका कडेने टाचून मोकळं सोडावं, ही समज मला तिथून आली. बाद झालेल्या पडद्याच्या कापडाचा कळीदार घागरा आतून केला आणि त्यावर खालून वर, कौलं शाकारतात तशा, कोरींच्या ओळी. खाली गडद निळा, मग मरून, बाटलीहिरवा, वर आकाशी. ९ गठ्ठे, म्हणजे ५४० कोरी. मशीनने लावून पाहिल्या तर ताठ उभ्या राहिल्या, म्हणून हाताने लावायच्या ठरल्या.

ते काम शेजारच्या अक्कांनी केलं. अक्कांनी नवव्या वर्षापासून विड्या वळल्या. आता डोळ्यांना तेंदूचं पान कातरणं झेपत नाही म्हणून त्या वाकळा शिवतात. धावदोरा त्यांच्या बोटांतून आपोआप चालतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘‘गाठ कुठं लपवायची?’’ मी म्हटलं, लपवायची कशाला, आतच राहणार आहे. त्यांना ते पटलं नाही. प्रत्येक कोरीची गाठ त्यांनी कोरीच्याच पोटात घेतली. तासाला १५ कोरी व्हायच्या. एकूण ३६ तास. मी त्यांना तासावर पैसे दिले आणि वहीत तास लिहिले. कपड्याच्या चिठ्ठीवर किमतीआधी हे तास यावेत असं मला मनापासून वाटतं. विडीच्या हजारावर मजुरी घेण्यात आयुष्य गेलेल्या बाईला तासाचा हिशेब नवीन होता. त्या दुपारच्या चहाची दहा मिनिटं वजा करायला सांगायच्या. मी केली नाहीत.

बाकी तीन कपड्यांपैकी एक चांगला झाला, दोन जेमतेम. जॅकार्डची जुनी भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं भंगारात मिळाली, मागाला कुठला दोरा उचलायचा हे सांगणारी. त्यांचा रुंद कमरपट्टा केला. तो दिसतो छान, पण घालून बसता येत नाही.

फोटो काढले पूर्व भागातल्या एका बंद शेडमध्ये. मालकांनी धोट्याचे चार जुने माग अजून मोडीत काढलेले नाहीत. छताच्या काचांतून सकाळी साडेसात ते नऊ उजेड चांगला येतो, म्हणून आम्ही पहाटेच गेलो. तरी भाद्रपदातलं ऊन. माझ्या भाचीने चादरीचा कोट घातला आणि दहा मिनिटांत तिच्या कपाळावरून धारा लागल्या. दोन फोटो झाले की बंद सोडायचे, पंख्यासमोर उभं राहायचं, पुन्हा बांधायचे. मावसभावाला तो मधला, बंद अर्धे सुटलेला फोटोच सगळ्यात आवडला. शर्ट त्याने मागाच्या ताण्यापुढे उभे टांगले; पांढऱ्या टिपा आणि पांढरे दोरे एका रांगेत आले.

घागरा भाचीला आखूड झाला. अक्का बघायला म्हणून आल्या होत्या. मावसभाऊ म्हणाला, ‘‘अक्का, तुम्हीच घाला की.’’ त्या आधी नको नको म्हणाल्या, पदर तोंडाला लावला, मग मागच्या खोलीत गेल्या आणि आपल्याच पोलक्यावर घागरा घालून आल्या. दीड किलोच्या वरचं ओझं, पण कमरेवर नीट बसलं होतं. दोन मागांमधल्या वाटेत त्या उभ्या राहिल्या. एक गिरकी घ्या म्हटल्यावर त्यांनी घेतली, आणि ५४० कोरी पिंपळपानांसारख्या सळसळल्या. जमिनीवरचा वर्षांचा कापूस उडाला. मावसभाऊ ‘‘अजून एक, अजून एक’’ म्हणत राहिला.

तिसऱ्या गिरकीला एक आकाशी कोर सुटून मागाखाली गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही, अक्कांच्या आलं. त्या थांबल्या. वाकून कोर शोधून काढली, घागऱ्याचा घेर हातात धरून ती कुठून निसटली ते बोटाने चाचपलं आणि मागाच्या दांडीवर टेकल्या.

‘‘सुई आण गं,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘आणि त्याला म्हणावं, दिवा जरा इकडं धर.’’