बेटाची निवड

ज्यांच्या दाराशीं समुद्र आहे त्यांना बेटाची निवड हा चैनीचा प्रश्न वाटतो; आम्हां चंद्रपूरकरांस तो तसा वाटत नाहीं. आमच्या भोंवतीं साग, मोह, तेंदू व बांबू यांचें अरण्य आहे. तें पाहण्यास देशोदेशींचे लोक ताडोब्यास येतात. परंतु शंभर कोसांच्या आंत समुद्र नाहीं. यंदा आमच्या मातोश्रींना पंचाहत्तरावें वर्ष लागलें आणि त्यांनीं अद्याप समुद्र पाहिलेला नाहीं, ही गोष्ट एके रात्रीं बोलतां बोलतां घरांतील सर्वांच्या ध्यानांत आली. माघांत एखाद्या बेटावर आठ दिवस काढावे असें ठरलें. कोणत्या, याविषयीं मात्र घरांत तीन पक्ष झाले.

चिरंजीवांचा पक्ष मालदीवचा. तेथें बाराशेंच्या आसपास बेटें असून पाहुण्यांसाठीं बहुधा एका बेटावर एकच हॉटेल असतें. आमचें म्हणणें असें कीं, जेथें गांवच्या माणसाशीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग येत नाहीं तेथें मुक्काम होतो, प्रवास होत नाहीं. सौभाग्यवतींचा पक्ष लक्षद्वीपचा, व तो दुबळा नव्हता. ३६ बेटें, त्यांपैकीं १० वर वस्ती. सरकारी परवाना काढावा आणि कोचीहून जहाजानें जावें. पोवळ्यांच्या कड्यानें लाटा बाहेरच अडतात, म्हणून आंतल्या उथळ पाण्यांत म्हाताऱ्या माणसालाहि निर्धास्त बसतां येतें. या मुद्द्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

आमचा ओढा अंदमानकडे होता. लक्षद्वीपांत नारळीच्या बागा आहेत, अंदमानांत अरण्य आहे. तेथला पडौक आणि आमच्या रानांतला बिजा हे एकाच वंशांतले वृक्ष. शिवाय १८५८ च्या मार्च महिन्यांत इंग्रजांनीं तेथें काळ्या पाण्याची वसाहत उघडली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत चांद्याच्या तुरुंगांत बाबूराव शेडमाके यांना फांशीं दिलें. एकाच उठावाच्या या दोन शिक्षा. परंतु असल्या विचारांनीं पंचाहत्तर वर्षांच्या बाईला बोटींत चढवावें काय, हें आम्हांसहि सांगतां येईना.

वाद रंगांत आला असतां मातोश्रींनीं विचारलें, “आपल्या वैनगंगेचं पाणी कोणत्या समुद्राला जातं रे?”

आम्हीं नकाशा काढला आणि त्यांच्यापुढें बोट फिरवूं लागलों. वैनगंगेस वर्धा मिळते, तेथून तिचें नांव प्राणहिता; सिरोंच्याजवळ ती गोदावरींत शिरते; गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरास जाते. लक्षद्वीप पश्चिमेच्या समुद्रांत. अंदमान मात्र याच उपसागराच्या पलीकडच्या कडेला.

“मग तिकडेच ने,” त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांपूर्वीं मार्कंड्यास, जेथें वैनगंगा उत्तरवाहिनी होते, तेथें आम्हीं वडिलांच्या अस्थि सोडल्या होत्या. त्यानंतर घरांत कोणीं मालदीवचें नांव काढलें नाहीं.

पुढचें सोपें होतें. बल्लारशाहून आगगाडीनें थेट चेन्नईस, तेथून विमानानें पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला. तेथून बोटीनें हॅवलॉक बेटावर, ज्यास २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थांनीं कार्यक्रमाचा कागद पाठविला. त्यांत एक दिवस बाराटांग बेटाचा होता. तिकडील रस्ता जारवा लोकांच्या अरण्यांतून जातो. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या रस्त्याचा अरण्यांतील भाग बंद करण्याचा आदेश दिला. तरी त्यानंतरहि वर्षानुवर्षें मोटारींचे तांडे तेथून जात राहिले, आणि कित्येक प्रवासी गुहांपेक्षां माणसें दिसतात काय हेंच पाहत राहिले.

हें वाचून आम्हांस भामरागडची एक दुपार आठवली. बाहेरगांवच्या पाहुण्यांना आम्हींच तिकडे नेलें होतें. एका माडिया म्हातारीसमोर पाहुण्यांनीं न विचारतां कॅमेरा धरला; तिनें तोंड फिरविलें. ती साधारण आमच्या मातोश्रींच्याच वयाची असावी. आम्ही शेजारीं उभे होतों आणि पाहुण्यांची भीड पडून गप्प राहिलों. ती भीड अजून आम्हांस बोंचते. आपल्या अरण्यांत जें थांबवितां आलें नाहीं, तें दुसऱ्याच्या अरण्यांत पैसे देऊन करावयास जाणें आम्हांस जमण्यासारखें नव्हतें. आम्हीं बाराटांगचा दिवस खोडला.

गृहस्थांनीं दूरध्वनीवर विचारलें, “मग त्या दिवशीं काय पाहणार? दिवस रिकामा जाईल.”

आम्हीं सांगितलें, “आमच्या मातोश्री समुद्र पाहतील. आम्ही त्यांच्याजवळ बसूं.”